इलेक्ट्रॉनची जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात अकरावी-बारावीच्या आणि बीएस्सीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना स्पिनचा धडा आला की ठरावीक प्रश्न येतात. गोव्यातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, पाचवीत इंग्रजीला जातात आणि अकरावीला 'पेअर्ड', 'अनपेअर्ड' हे शब्द घोकतात. अर्थ मात्र मराठीतच विचारतात, तोही वर्ग सुटल्यावर, स्कूटरला चावी लावता लावता. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे सावकाश लिहिली आहेत.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा फिरतो का?

नाही. १९२५ साली उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे भोवराच होता. पण हिशेब केला तर त्या भोवऱ्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा जास्त वेगाने फिरावा लागतो. तेव्हा भोवरा सोडून द्यावा लागला, नाव तेवढं राहिलं. इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक आहे, आणि तुम्ही कुठल्याही दिशेने मोजा, दोनच उत्तरं मिळतात: त्या दिशेने किंवा तिच्या उलट. मधलं काही नाही. हे त्याआधी, १९२२ मध्ये, फ्रँकफुर्टला श्टेर्न आणि गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडून पाहिलं होतं. झोत पसरला नाही, दोन पट्ट्यांत फुटला. चांदीच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो, तो फुटीचा कारभार त्याचा.

जोडी म्हणजे एक बाण वर, एक बाण खाली. एवढंच ना?

इथेच सगळा घोळ आहे, आणि तो मीही कित्येक वर्षं फळ्यावर चौकोनात दोन बाण काढून वाढवला आहे.

दोन इलेक्ट्रॉन घ्या. दोघेही वर, किंवा दोघेही खाली, हे दोन प्रकार सरळ आहेत. उरले 'पहिला वर, दुसरा खाली' आणि 'पहिला खाली, दुसरा वर'. इलेक्ट्रॉनांवर नावाच्या चिठ्ठ्या नसतात, त्यामुळे हे दोन प्रकार वेगळे काढता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळूनच असतात. मिसळण्याच्या रीती दोन: मध्ये अधिक चिन्ह, किंवा मध्ये उणे चिन्ह. उणे चिन्हवाली अवस्था म्हणजे सिंगलेट. रसायनशास्त्रात 'जोडी' म्हणतात ती हीच. अधिक चिन्हवाली अवस्था मात्र पहिल्या दोन प्रकारांच्या पंगतीत जाऊन बसते आणि तिघी मिळून ट्रिप्लेट होतात. म्हणजे या तिसऱ्या अवस्थेतही एक बाण वर आहे, एक खाली आहे, आणि तरी ती जोडी नव्हे.

फरक कुठे दिसतो? एक मिरीचा दाणा आणि एक उदबत्ती समोर धरा. उदबत्ती टोकाकडून पाहिली तर तीही ठिपकाच दिसते, दाण्यासारखी. बाजूने पाहा, मग तिची लांबी कळते. दाणा कुठूनही दाणाच. सिंगलेटचा एकूण स्पिन कुठल्याही दिशेने मोजा, शून्य येतो. ट्रिप्लेटमधली ती फसवी अवस्था एकाच दिशेने शून्य दाखवते. आडवी मोजली की स्पिन हाताला लागतो. पुस्तकातले दोन बाण म्हणजे फक्त टोकाकडून पाहिलेलं चित्र.

पुढच्या बहुतेक उत्तरांत हे उणे चिन्ह परत येईल. ते डोक्यात ठेवा.

मग परीक्षेत काय लिहू?

एक बाण वर, एक बाण खाली. गुण त्यालाच आहेत.

पाउलीचा नियम यात कुठे बसतो?

पाउलीचं म्हणणं मुळात असं आहे: दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर संपूर्ण वर्णनाचं चिन्ह पालटलं पाहिजे. दोघेही एकाच कक्षकात (ऑर्बिटलमध्ये) असतील तर जागेच्या भागात अदलाबदलीने काहीच बदलत नाही. तेव्हा चिन्ह पालटायचं काम स्पिनवर येतं, आणि ते उणे चिन्हवाल्या सिंगलेटलाच जमतं. 'एका कक्षकात दोनच, तेही उलट स्पिनचे' हा शाळेतला नियम म्हणजे या मोठ्या नियमाचं पिल्लू.

दोन उलटे चुंबक एकमेकांना ओढतात, म्हणून बंध तयार होतो का?

हा गैरसमज फार चिवट आहे. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३६ किलोजूल लागतात. तेवढ्याच अंतरावर ठेवलेल्या दोन इलेक्ट्रॉन-चुंबकांमधली ओढ एका किलोजूलच्या दहाव्या भागालाही पोचत नाही. बंध टिकतो तो विजेच्या आकर्षणावर आणि इलेक्ट्रॉनांना दोन केंद्रकांभोवती पसरायला मोकळी जागा मिळते त्यावर. स्पिन म्हणजे आत शिरायचं तिकीट. सिंगलेट असेल तर दोघांना मधल्या जागेत दाटीने राहता येतं, ट्रिप्लेट असेल तर तिथून हुसकलं जातं.

जोडीने बंध होतो हे लुईसने १९१६ मध्ये सांगितलं, म्हणजे स्पिन ठाऊक होण्याच्या नऊ वर्षं आधी. ते का होतं याचं गणित हाइटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये केलं. नुसती ठिपक्यांची चित्रं काढून लुईस एवढं अचूक कसं बोलला, याचं मला आजही नवल वाटतं.

इलेक्ट्रॉनांना जोडीच आवडत असेल तर हुंडचा नियम उलटं का सांगतो?

आवडत नाही म्हणूनच. पणजीहून सुटणाऱ्या कदंबच्या बसमध्ये दोन-दोनच्या सीट असतात, पण आधी प्रत्येक जण एकटाच खिडकीशी बसतो. शेजार स्वीकारतो तो बस भरल्यावर. एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन कोंबले की त्यांचं परस्परांतलं अपकर्षण वाढतं. सारख्या शक्तीचे कक्षक रिकामे असतील तर वेगळं बसणं, आणि तेही एकाच दिशेच्या स्पिनने, स्वस्त पडतं. बसची उपमा अर्ध्यावरच थांबते, कारण वेगळ्या सीटवरच्या प्रवाशांनी एकाच दिशेला तोंड का करावं ते ती सांगत नाही. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन पाउलीच्या नियमामुळे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, म्हणून केंद्रकाच्या थोडं जवळ सरकू शकतात. फायदा तिथून येतो.

हवेतल्या ऑक्सिजनमध्ये खरंच दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात?

असतात. लुईसच्या ठिपक्यांनी ऑक्सिजनचा रेणू काढलात तर सगळ्या जोड्या नीट जुळलेल्या दिसतात, आणि तिथे ते चित्र चुकतं. उणे १८३ अंशाखालचा द्रवरूप ऑक्सिजन फिकट निळा असतो आणि जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच लटकून राहतो. नायट्रोजन सरळ खाली सांडतो. ऑक्सिजनचा नेहमीचा रेणू ट्रिप्लेट आहे.

आपण जिवंत आहोत ते या ट्रिप्लेटमुळे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. लाकूड, खोबरेल, आपली त्वचा, सगळं जोड्यांचं, म्हणजे सिंगलेट. जळून होणारं पाणी आणि कार्बन डायऑक्साइडही सिंगलेट. सिंगलेट आणि ट्रिप्लेट भेटून थेट सिंगलेट माल तयार होण्यात स्पिनचा हिशेब जुळत नाही, म्हणून ही अभिक्रिया रेंगाळते. चुलीला काडी लावावी लागते, ती पहिला बंध तोडून सुटे इलेक्ट्रॉन तयार करायला. पुढचं ते एकमेकांत बघून घेतात. ऑक्सिजनला मोलमागे ९४ किलोजूल देऊन सिंगलेट केलं तर तो भलताच आक्रमक होतो. उन्हात हरितद्रव्य नकळत हा उद्योग करत असतं. पानातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं जी अनेक कामं करतात, त्यांतलं एक म्हणजे असा सिंगलेट ऑक्सिजन पकडून थंड करणं.

आमच्या प्रोजेक्टमध्ये सोलांच्या अर्काने डीपीपीएच जांभळ्याचं पिवळं झालं. त्यात जोडीचा काय संबंध?

थेट संबंध आहे. डीपीपीएच हा बाटलीत ठेवता येणारा रॅडिकल आहे: नायट्रोजनवर एक सुटा इलेक्ट्रॉन, शेजारी मोठाली वलयं, म्हणून तो कुणाशी चटकन जुळत नाही. त्याचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषल्याने येतो. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीतली फिनॉल गटाची द्रव्यं त्याला हायड्रोजन देतात. हायड्रोजनबरोबर आलेला इलेक्ट्रॉन आणि तिथला सुटा इलेक्ट्रॉन यांची सिंगलेट जोडी जमते आणि रंग उतरून पिवळा होतो. रंग उतरला म्हणजे जोडी जमली.

पण प्रोजेक्टच्या शेवटी 'म्हणून सोलकढी कर्करोगावर गुणकारी' असं लिहू नका. मिथेनॉलमधल्या एका सुस्त रॅडिकलला हायड्रोजन मिळाला, एवढंच तुम्ही सिद्ध केलंत. सोलकढी चवीसाठी प्या.

ईएसआर आणि एनएमआर यांत फरक काय?

दोन्हींत चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या स्पिनला योग्य वारंवारतेची लहर देऊन उलटवतात. मराठी परिभाषेत या प्रकाराला अनुस्पंदन म्हणतात. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) इलेक्ट्रॉन उलटवते, एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) अणूचं केंद्रक. इलेक्ट्रॉनचा चुंबक प्रोटॉनच्या सुमारे ६५८ पट जोरदार, म्हणून ईएसआरला साधारण ०.३४ टेस्लाच्या क्षेत्रात ९.५ गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह लागते. एनएमआरला टेस्लामागे ४२.५८ मेगाहर्ट्झ पुरतात. '४०० मेगाहर्ट्झचं मशीन' म्हणजे ९.४ टेस्लाचा चुंबक. ईएसआर कझानला झावोइस्कीने १९४४ मध्ये पहिल्यांदा पाहिलं. द्रव-घन पदार्थांतलं एनएमआर त्यानंतर लगेच अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी वेगवेगळं शोधलं, आणि दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं.

जोडीतले इलेक्ट्रॉन ईएसआरला दिसत नाहीत. मिरीच्या दाण्याला दिशाच नाही, तर उलटवणार काय? त्यामुळे बहुतेक पदार्थ ईएसआरला मुके असतात. मुके नसतात ते रॅडिकल, काही धातूंचे आयन, आणि ट्रिप्लेट.

आमच्या नमुन्याच्या एनएमआरच्या रेषा फार रुंद आल्या. चुकलं कुठे?

गोव्यात असाल तर आधी लोहावर संशय घ्या. एका झाडाच्या मुळांचा अर्क करताना आम्ही मुळं पुरती धुतली नव्हती. चिऱ्याच्या खाणीजवळची तांबडी माती सालीत बसली होती. स्पेक्ट्रम आला तो डोंगर-टेकड्यांचा, एक रेष धड नाही. फेरिक लोहाच्या आयनात पाच सुटे इलेक्ट्रॉन असतात. द्रावणात असला एखादा आयन फिरू लागला की त्याच्या जोरदार, सतत हलणाऱ्या क्षेत्रामुळे आजूबाजूच्या प्रोटॉनांची शिस्त क्षणात मोडते. शिस्त जितक्या लवकर मोडते तितकी रेष रुंद. मातीचे न विरघळलेले कण असतील तर क्षेत्रच जागोजागी वाकडं होतं. गाळा, धुवा, गरज पडली तर लोह बांधणारं द्रव्य वापरा.

यावरूनच दुसरा प्रश्न येतो: लोहात एवढे सुटे इलेक्ट्रॉन, तर डिचोली-सांगेचा खनिज हेमॅटाइट साध्या चुंबकाला लोहचुंबकी दगडासारखा का चिकटत नाही? हेमॅटाइटमध्ये एका थरातले स्पिन एका दिशेला आणि पुढच्या थरातले जवळजवळ उलट असतात. थोडासा तिरपेपणा राहतो, म्हणून अगदी क्षीण चुंबकत्व मिळतं. पण ही आपली 'जोडी' नव्हे. प्रत्येक लोहाचे पाच इलेक्ट्रॉन सुटेच आहेत, फक्त शेजाऱ्याकडे पाठ करून उभे आहेत.

एनएमआरमधला ट्रिप्लेट आणि स्पिनचा ट्रिप्लेट एकच का?

नाही. एनएमआरचा ट्रिप्लेट म्हणजे तीन रेषांचा झुबका. नावं देणाऱ्यांनी थोडी दया दाखवायला हवी होती.

पण मुळात त्या रेषा फुटतात कशा? शेजारचा प्रोटॉन तर बराच लांब असतो.

इथे इलेक्ट्रॉनची जोडी टपालवाल्याचं काम करते. एका प्रोटॉनचा स्पिन वर असला तर बंधातल्या जोडीपैकी त्याच्याजवळचा इलेक्ट्रॉन किंचित उलट राहणं पसंत करतो. मग जोडीतला दुसरा, जो पलीकडे आहे, त्याचा कल आपोआप ठरतो. पलीकडच्या केंद्रकाला हा निरोप मिळतो आणि त्याची रेष थोडी सरकते. एका बंधाकडून दुसऱ्याकडे असा निरोप तीन बंधांपर्यंत सहज जातो. याला जे-कपलिंग म्हणतात. ते हर्ट्झमध्ये मोजतात आणि चुंबक कितीही मोठा आणला तरी ते बदलत नाही. रेणूच्या आतल्या पत्रव्यवहाराशी बाहेरच्या चुंबकाचं देणंघेणं नाही.

उदाहरण घरचंच घ्या. फेणीतलं इथेनॉल. त्याच्या मिथाइल गटाशेजारी दोन प्रोटॉन, म्हणून मिथाइलच्या तीन रेषा. दुसऱ्या गटाशेजारी तीन प्रोटॉन, म्हणून त्याच्या चार. अंतर सुमारे ७ हर्ट्झ. थेट फेणी नळीत घालाल तर पाण्याची भलीमोठी रेष बाकीच्यांना झाकोळून टाकेल, एवढं ध्यानात ठेवा. इथेनॉलचा पहिला गाजलेला स्पेक्ट्रम १९५१ चा, स्टॅनफर्डचा. त्यात हे फाटे दिसत नव्हते, तीन, दोन आणि एक प्रोटॉनांची तीन शिखरं होती. तो शोधनिबंध लिहिणारे तिघे म्हणजे अर्नोल्ड, पॅकार्ड आणि धर्माट्टी. धर्माट्टींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत इथेनॉलचा स्पेक्ट्रम असतो, धर्माट्टी नसतात.

केंद्रकांच्याही जोड्या होतात का?

होतात, आणि हायड्रोजन वायूत त्या फार ठळक आहेत. रेणूतल्या दोन प्रोटॉनांचे स्पिन सिंगलेट असतील तर पॅरा-हायड्रोजन, ट्रिप्लेट असतील तर ऑर्थो. खोलीच्या तापमानाला ऑर्थो तीन वाटे, पॅरा एक. २० केल्विनला, म्हणजे हायड्रोजन द्रव होतो तिथे, समतोल साधला तर जवळपास सगळा पॅरा. पण ऑर्थोचं पॅरा होणं आपापलं होत नाही. ते उणे चिन्ह सहजासहजी येत नाही. घाईने द्रव केलेला हायड्रोजन टाकीत आधी तीन वाटे ऑर्थोच राहतो, मग सावकाश पॅरा होत उष्णता सोडतो. ही उष्णता किलोमागे पाचशे किलोजूलच्या वर जाते, आणि हायड्रोजनची वाफ करायला साडेचारशेच्या आसपास पुरतात. म्हणजे टाकी कितीही चांगली झाकलेली असो, माल आतल्या आत उडून जातो. उपाय असा की द्रव करतानाच तो लोहाच्या पाणीयुक्त ऑक्साइडवरून नेतात. लोहाच्या सुट्या इलेक्ट्रॉनांचं क्षेत्र एका प्रोटॉनवर जास्त, दुसऱ्यावर कमी पडतं आणि दोघांचा जमलेला हिशेब विस्कटतो. ज्या तांबड्या गोष्टीने आमचा स्पेक्ट्रम बिघडवला, तीच इथे कामाची.

पॅरा-हायड्रोजन एनएमआरला मुका आहे, सिंगलेटच तो. पण एखाद्या दुहेरी बंधावर त्याची भर घातली आणि दोन प्रोटॉन दोन वेगळ्या वातावरणात जाऊन बसले, की ते चिन्ह एकदम बोलू लागतं. रेषा नेहमीपेक्षा हजारो पटींनी जोरदार येतात. बॉवर्स आणि वाइटेकँप यांनी हे १९८६ मध्ये सुचवलं.

चोडणच्या अभयारण्यात लांबून येणारे पक्षी स्पिनने दिशा ओळखतात, हे खरं का?

शक्यता मजबूत आहे, पण जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात हे नक्की असंच घडतं असं अजून कुणी दाखवलेलं नाही. मूळ कल्पना १९७८ मधली, क्लाउस शुल्टेन आणि सहकाऱ्यांची; क्रिप्टोक्रोमचं नाव त्यात नंतर आलं. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर निळा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उडी मारून दुसरीकडे जातो. आता दोन सुटे इलेक्ट्रॉन दोन जागी आहेत, पण आले एकाच जोडीतून, म्हणून सुरुवात सिंगलेटने होते. जवळच्या केंद्रकांची क्षेत्रं दोघांवर सारखी नसतात, म्हणून ते उणे चिन्ह अधिक होतं, पुन्हा उणे, पुन्हा अधिक. सिंगलेट असताना ते परत जुळू शकतात, ट्रिप्लेट असताना नाही. पृथ्वीचं क्षेत्र, गोव्यात सुमारे ४० मायक्रोटेस्ला, या हेलकाव्याची लय किंचित बदलतं आणि शेवटी तयार होणाऱ्या मालाचं प्रमाणही.

एवढं क्षीण क्षेत्र उष्णतेच्या धक्क्यांपुढे टिकेल कसं, ही शंका रास्त आहे. क्षेत्र काही ढकलत नाहीच. ते फक्त वेळ साधतं, आणि स्पिनला रेणूंच्या धक्काबुक्कीशी फारसं कर्तव्य नसतं. अशा जोड्या असतात याचा पुरावा पक्ष्यांच्याही आधी मिळाला होता: १९६७ मध्ये चालू अभिक्रियेच्या एनएमआरमध्ये काही रेषा चक्क उलट्या, खाली तोंड करून आल्या, आणि दोन वर्षांनी त्याचं उत्तर याच रॅडिकल जोडीत सापडलं. २०२१ मध्ये युरोपीय रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं हे दिसलं.

एमआरआयमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोडीचं काय काम?

चित्र पाण्यातल्या प्रोटॉनांचं असतं, पण ते उजळ-काळं करणारे बरेचदा सुटे इलेक्ट्रॉन. टोचतात त्या गॅडोलिनियमच्या आयनात सात सुटे इलेक्ट्रॉन आहेत. रक्ताचं उदाहरण जास्त सुंदर: ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनमध्ये सुटा इलेक्ट्रॉन उरत नाही, ऑक्सिजन सोडलेल्यात प्रत्येक लोहावर चार असतात. पॉलिंग आणि कोरिएल यांनी हे १९३६ मध्ये चुंबकाजवळ रक्त धरून मोजलं. १९९० मध्ये ओगावा यांनी त्याच फरकावरून काम करणारा मेंदू टिपण्याची पद्धत काढली.

एनएमआरचा चुंबक रात्री बंद करतात का?

नाही. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये, ४.२ केल्विनला बुडवलेलं असतं. एकदा प्रवाह सोडला की तो वर्षानुवर्षं फिरत राहतो, वीजपुरवठा काढून घेतला तरी. म्हणजे पावसाळ्यात दिवे गेले तरी तो चुंबकच. तारेतला प्रवाह वाहतात तेही जोडीतले इलेक्ट्रॉन, कूपर जोड्या, आणि त्यांचाही स्पिन सिंगलेटच. हेलियम संपत आला आणि तार तापली की जोड्या फुटतात, तारेला रोध येतो आणि उरलेला हेलियम काही क्षणांत वाफ होऊन भपकन बाहेर पडतो. अशा वेळी खोलीतून आधी बाहेर पळायचं, कारण हेलियम प्राणवायूला हुसकून लावतो.

त्या खोलीत जाताना काय काय बाहेर ठेवू?

चाव्या, एटीएम कार्ड, काट्यांचं घड्याळ, मोबाइल. पेसमेकर असलेल्यांनी दारावरच्या रेषेच्या आत जायचंच नाही. एका मुलीने आजीच्या पाटल्या घातल्या होत्या आणि त्या काढवत नव्हत्या. सोनं डायमॅग्नेटिक आहे, म्हणून तिला म्हटलं राहू दे. तिच्या मैत्रिणीचं म्हापशाच्या बाजारातलं ब्रेसलेट मात्र दाराशीच काढायला लावलं. सोनेरी मुलाम्याखाली लोखंड निघायचं.